निळ्या दाराचं घर

७ नोव्हेंबर २००२, गुरुवार

ही डायरी साखर कारखान्याची आहे आणि गेल्या सालची आहे. हौसराव मामांनी दिली. छापलेली तारीख खोडून मी वर माझी टाकतो.

लिहायचं कारण एकच. आमचा सुपरवायझर उत्तरेकडचा आहे. परवा म्हणाला, "देख विलास, रिपोर्ट लिखना सीख ले, मशीन पे बिठा दूँगा. नहीं तो जिंदगीभर पत्रे उठाता रहेगा." मी चार यत्ता शिकलो, त्या पण सात गावांत. वाचता येतं. लिहायला बसलं की हात जड होतो. रोज नाही जमलं तरी सुट्टीच्या गुरुवारी लिहायचं ठरवलंय.

सणसवाडीला कामाला लागून दोन वर्षं झाली, आणि ही सहावी खोली. आधीच्या पाच शिक्रापूरच्या हायवेला होत्या. मला खोली मानवत नाही. तीन-चार महिने झाले की पाय शिवशिवायला लागतात. प्रेसवर माझ्या जोडीला सत्यजीत आहे, तो राहू गावचा. हौसराव मामांचा पोरगा. म्हणाला, "आमच्याकडं ये. मोकळं रान हाय, भीमा हाय. भैरू आबाच्या वस्तीवर एक खोली पडून हाय." रोज बन्सीची ट्रॅक्स आम्हा चौदा जणांना कोंबून कंपनीला नेते आणि आणते.

पहिल्या दिवशी बन्सीनं सांगितलं, "चिंचेपाशी उतर, तिथनं डाव्या हाताला आबाची वस्ती." मी उतरलो. चिंच कुठं दिसेना. पिशवी खांद्यावर टाकून दोन फेऱ्या मारल्या. शेवटी चहाच्या टपरीवर विचारलं. टपरी झुंबरबाईची.

"ही काय, हितंच की चिंच!" ती मोकळ्या जागेकडं हात करून म्हणाली.

"कुठं?"

"आरं, तोडली की ती! आमचा थोरला झाला त्या साली."

थोरला शेजारीच कप विसळत होता. त्याला मिशा होत्या.

मी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो. झाड जाऊन वीस वर्षं झाली आणि अख्खं गाव अजून त्याच्यापाशी उतरतं, त्याच्यापाशी वळतं. कालचं पोरगं पण चिंचेपाशी खेळतो म्हणतं. कसली माणसं आहेत ही.

१० नोव्हेंबर

हे कोण वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो.

माझं नाव विलास नाही. बिरा. आम्ही माणदेशातले मेंढरंवाले धनगर. दिवाळी झाली की निघायचं, घोड्यावर बिऱ्हाड, मागं कुत्री, आणि पाऊस पडेपर्यंत परतायचं नाही. ज्या रानात मेंढरं बसवायची तिथला मालक खतासाठी धान्य देतो. चार रात्री इथं, तीन रात्री तिथं. माझा जन्म कुठं झाला विचारलं तर आई म्हणते, ओढा होता आणि पलीकडं करडई होती.

तीन सालामागं फलटणच्या बाजूला आमची मेंढरं एकाच्या मक्यात शिरली. मालक चार माणसांत बापूला, म्हणजे माझ्या बापाला, नको नको ते बोलला. बापूनं पागोटं काढून त्याच्या पायावर ठेवलं. मी मागंच उभा होतो. दुसऱ्या सकाळी उठलो आणि चालायला लागलो. आमची वाट इकडनं कधी जात नाही, म्हणून इकडं आलो. तेव्हापासून घरच्यांना भेटलो नाही. घरच नाही, तर भेटणार कुठं.

भैरू आबा आमच्याच जातीचे. पण त्यांच्या आज्यानं काठी टाकून नांगर धरला. आता दगडी जोत्याचं घर, विहीर, ऊस. आबांनी सवयीनं म्हणून पाच मेंढरं ठेवलीत, तेवढीच. पहिल्या दिवशी त्यांच्या घरच्या कुशाबाई आजींनी विचारलं, "पोरा, तुजं घर कसं हाय?" काय सांगू? म्हणलं, चार खणांचं आहे, दार निळं आहे.

तोंडातनं गेलं ते गेलं. आता रोज जेवायला वाढताना आजी विचारतात.

"निळंच का रं?"

"बापूला तो रंग आवडतो."

"आन् रंग कवा दिला?"

"गेल्या दिवाळीला."

लक्षात ठेवायचं: चार खण. दार निळं, रंग गेल्या दिवाळीचा. कडुनिंब एक, दाराच्या उजवीकडं. विहीर आहे, पाणी मचूळ. जमीन बारा एकर जिरायत. गाय तांबडी (हे प्रगतीला सांगितलं).

प्रगती आबांची नात. बालवाडीत शिकवते. मला लिहिताना बघून म्हणाली, "ळ असा काढतात व्हय? पोट फुगल्यावानी दिसतोय." मी खोडून पुन्हा काढला. "आता ढेकर दिल्यावानी दिसतोय," म्हणाली आणि गेली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आबा आणि हौसराव मामा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांची रानं एकमेकांना लागून. बांधावर एक बाभळ होती, ती कुणाची यावरून सुरू झालं. बाभळ कधीच वाळून गेली, जळण पण जळून गेलं. सत्यजीत म्हणतो, "ती चुलीत गेली, पर भांडान अजून वलं हाय."

पण मी बघतो ते वेगळंच. रोज सकाळी हौसराव मामांच्या घरनं ताक येतं. साखरबाई मामी तांब्या बांधावर ठेवतात, हाक मारत नाहीत, निघून जातात. आजी तो उचलतात आणि त्याच तांब्यात लिंबं, नाहीतर शेवग्याच्या शेंगा घालून परत तिथंच ठेवतात. मी आजींना विचारलं, तुम्ही तर बोलत नाही ना त्यांच्याशी? आजी म्हणाल्या, "भांडान त्या दोघांचं हाय. ताकाचं न्हाई."

आमच्यात भांडण झालं की सोपं होतं. एकानं दुसरी वाट धरायची. इथं वाटच नाही, माणूस समोरच राहणार, मरेपर्यंत. म्हणून ह्यांनी भांडण ठेवायला एक जागा केलीय आणि बाकीचं जगणं तिच्या बाजूनं नेलंय. हे मला चार यत्तांत कुणी शिकवलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज हात सोलले आहेत, तरी लिहितो.

सकाळी हौसराव मामांची म्हैस विहिरीत पडली. यंदा पाणी खाली गेलंय, कमरेएवढंच होतं, म्हणून बुडाली नाही. पण बिथरली. शिंगं दगडावर आपटायला लागली. साखरबाई मामी काठावर बसून तिला नावानं हाका मारत होत्या. पंधरा मिनिटांत पन्नास माणूस जमला. कोण दाढी अर्धी सोडून आला, तोंडाला साबण तसाच. बन्सीनं ट्रॅक्स रस्त्यात सोडली, आतल्या पाव्हण्यांसकट, आणि ते पाव्हणे पण आले.

आबा पण आले. खांद्यावर मोटेचा जुना नाडा, मनगटाएवढा जाड दोर. चाळीस वर्षांत मोट नाही चालली, पण नाडा जपून ठेवलेला. काही न बोलता त्याचं एक टोक धरून उभे राहिले. दुसरा हात हौसराव मामांचा पडला, आबांच्या हातापासनं वीतभरावर.

हौसराव मामा सत्यजीतकडं बघून म्हणाले, "त्यांना सांग, नाडा खांद्यावरनं घ्या म्हणावं. हात सोलतील."

आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "त्यांना म्हणावं, आमचे हात आम्ही बघून घिऊ. म्हशीकडं बघा."

माणसं हसली. ते दोघं नाही हसले.

खाली जायला कुणी धजेना. मला काय झालं कळलं नाही, मी पायऱ्या उतरलो. म्हशीचे डोळे पांढरे झाले होते. मी तिच्या मानेला हात लावला आणि जिभेनं टकटक करत घशातनं एक आवाज काढला. बापू काढतो तो. पुराच्या ओढ्यात मेंढरं थबकली की काढतो. म्हैस थांबली. मग पोटाखालनं पोत्यांची झोळी घातली आणि बापूची गाठ मारली, जी ताणली तर रुतत नाही आणि ओढली की एका झटक्यात सुटते.

वरनं "हो!" अशी आरोळी झाली आणि पन्नास माणसांनी एका दमात ओढलं. मी खालनं बघत होतो. चार पायांचं एवढं धूड आभाळाकडं चाललंय आणि काठावर नुसते हात. कुणाचा हात कुणाचा ते कळत नव्हतं.

म्हैस उभी राहिली, शेपटी झटकली आणि हौसराव मामांच्या धोतरावर शेणली. सगळे पांगले. आबा नाडा गुंडाळून बांधाच्या ह्या बाजूला आले, मामा त्या बाजूला. पुन्हा न बोलणं सुरू.

झोळी सोडताना आबा ती गाठ हातात घेऊन बघत बसले. म्हणाले, "ही कुठं शिकलास?"

"मामाचा गोठा होता," मी म्हणलं.

"बरा हुता की मामा," आबा म्हणाले. थोडक्यात निभावलं.

लक्षात ठेवायचं: मामा एक, त्याचा गोठा.

२ डिसेंबर

थंडी पडलीय. आजींनी जुनं घोंगडं दिलं. म्हणाल्या, "तू बाहीरच निजतोस. पत्र्याखाली झोप येत न्हाई नव्हं?" मी म्हणलं, खोलीत डास आहेत. आजी म्हणाल्या, "व्हय, थंडीतले डास लई वाईट."

आबा अलीकडं फार विचारतात. तुमच्याकडची माणसं जेजुरीला येतात का? चंपाषष्ठीला येतात का सोमवतीला? तुझ्या बापाच्या कपाळावर काही खूण बिण आहे का, म्हणजे एखादा पाव्हणा भेटला तर वळखू येईल? मी म्हणलं, डाव्या भुवईवर वण आहे, कुत्र्यानं ओरबाडल्याचा. नंतर वाटलं, हे कशाला सांगितलं. पण वण खरा आहे, आणि खरं सांगायला एवढं बरं वाटलं की थांबवलं नाही.

११ डिसेंबर

आबा जेजुरीहून आले. भंडाऱ्यानं कान पिवळे झालेत. जाताना आजींनी त्यांना हिरव्या काठाचं नवं उपरणं दिलं होतं, ते नाही घेऊन आले. आजी म्हणाल्या, "आवं, उपरनं?"

"दिलं एका पाव्हण्याला."

एरवी आजी हंगामा करतात. आज नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि चहा टाकला.

हनुमंत दादा, म्हणजे आबांचा पोरगा, वैतागलाय. नदीकडची दोन एकर नांगरायची होती. आबा म्हणतात, राहू दे पडीक. दादा म्हणाला, "आवं आबा, हरभऱ्याची येळ निघून चाललीया!" आबा म्हणाले, "रान बी माणसावानी असतं. कवातरी त्याला पाव्हणं यिऊ द्यावं." दादानं माझ्याकडं बघितलं. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज पायाखालची जमीन सरकली.

आबा ओसरीवर बसले होते. मला बोलावलं. हनुमंत दादा होता, वहिनी दाराआड. आबा म्हणाले, "विलास, तू आमच्याच जातीचा. निर्व्यसनी हायेस. पोरीला विचारलं, ती न्हाई म्हणली न्हाई. संक्रांत झाली की आम्ही घर बघाया येतो."

पोरगी द्यायची तर आधी घर बघतात, ही रीतच आहे. दार बघतात, विहिरीत डोकावतात, शेजाऱ्याला हळूच विचारतात. मी काय दाखवू? कुठल्या ओढ्याकाठची चुलीची राख?

मी म्हणलं, "लांब आहे, आबा."

"असू दे की. येष्टी हाय. न्हाईतर चालू. आपल्या लोकास्नी चालायचं काय?"

प्रगती नंतर भेटली, पाण्याची कळशी कमरेवर. म्हणाली, "तुमची तांबडी गाय दूध किती देते?"

मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो.

"सांगा की. का आटलीय?"

तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही.

२५ डिसेंबर

पिशवी भरून ठेवली. रांजणगावला एका कंपनीत भरती चालू आहे म्हणतात. सातवी खोली.

२६ डिसेंबर, गुरुवार

गेलो नाही. चिंचेपर्यंत गेलो होतो. झुंबरबाईनं विचारलं, "पिशवी कुठं निघाली?" म्हणलं, कपडे इस्त्रीला. म्हणाली, "मग चहा घिऊन जा." चहा घेतला. समोर ती मोकळी जागा. वाटलं, मी गेलो तर ही माणसं 'विलास होता ती खोली' म्हणतील वीस वर्षं, आणि तो विलास नव्हताच. पिशवी घेऊन परत आलो. आजींनी काही विचारलं नाही. कपड्याला इस्त्री नव्हती हे त्यांना दिसलंच असणार.

१५ जानेवारी २००३

काल संक्रांत झाली. साखरबाई मामींनी बांधावर तिळगुळाची वाटी ठेवली, त्यावर पान झाकून. आबांनी एक लाडू तोंडात टाकला आणि बांधाच्या पलीकडं बघून मोठ्यानं, कुणालाच नाही असं, म्हणाले, "गूळ चांगला हाय." पलीकडनं हौसराव मामा त्यांच्या बैलाला म्हणाले, "औंदा घरचाच हाय."

अकरा वर्षांत एवढं पहिल्यांदा झालं, असं सत्यजीत म्हणतो. टपरीवर दिवसभर तेवढाच विषय.

आबा म्हणाले, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी घर बघायला निघायचं. म्हणजे तेवीस तारखेला.

१६ जानेवारी, गुरुवार

दुपारी घंटा ऐकू आली. मेंढीच्या गळ्यातली. आधी वाटलं, कानच वाजले. मग दुसरी. मग कुत्रं भुंकलं, आणि ते कुत्रं मी ओळखलं. आमचा वाघ्या.

खिडकीतनं बघितलं. नदीच्या बाजूनं धूळ उठली होती आणि धुळीतनं मेंढरं येत होती. मागं दोन घोडी. पांढऱ्या घोडीवर कोंबड्यांची डालगी. आणि सगळ्यांच्या पुढं, काठी खांद्याला आडवी, बापू.

मेंढरं आबांच्या त्या पडीक रानात शिरली आणि बसली.

यंदा माणला पाणीच नाही म्हणतात, जनावरांच्या छावण्या पडल्यात. पाण्याच्या वासानं इकडं आली असतील. एवढा मुलूख सोडून ह्याच गावात, ह्याच रानात! असं कुणाचं नशीब फिरतं?

मी दार लावून घेतलं. दिवसभर बाहेर गेलो नाही. आईचा आवाज येत होता, कोंबड्यांना बोलावत होती. तीन वर्षांत आवाज जरा खरखरीत झालाय.

१७ जानेवारी

डबल शिफ्ट केली. ट्रॅक्स त्या रानाच्या कडेनं जाते. मी पलीकडच्या बाजूला तोंड करून बसलो. बन्सी एरवी सगळ्यावर बोलतो. मेंढरांवर एक शब्द बोलला नाही. गाडीत कुणीच बोललं नाही. चौदा माणसं चिडीचूप, नुसती समोर बघत.

२० जानेवारी

रोज बापू दिसतो. वाकलाय. आबा दोनदा जाऊन बसून आले. मी म्हणलं, कुठले आहेत? आबा म्हणाले, "हायेत कुठले तरी. चांगली माणसं हायेत." आजींनी ज्वारी पाठवली. झुंबरबाईनं चहा पूड पाठवली. मला कुणी म्हणत नाही, चल बघायला.

मी तेव्हा पागोट्याची लाज वाटून पळालो होतो. आज दाराला आतनं कडी लावून बसलोय. बापूनं पागोटं काढलं ते मेंढरं वाचवायला. मी लपलोय ते कुणाला वाचवायला?

२३ जानेवारी, गुरुवार

सगळं लिहायचं आहे. जमेल तसं लिहितो.

सकाळी इस्त्रीची पँट घातली. ठरवलं होतं, एसटीत बसलं की सांगून टाकायचं, दौंडच्या आत. आबा पांढऱ्या धोतरात, आजी नव्या लुगड्यात, हनुमंत दादा नारळ घेऊन. प्रगती पण चपला घालून उभी.

आजी म्हणाल्या, "पोरीनं घर बघाया यायचं असतं व्हय?"

"तिथं ऱ्हायाचं मला हाय का तुमाला?" प्रगती म्हणाली. आबा हसले.

चिंचेपाशी आलो. स्टँडला जायचं तर उजवीकडं. आबा नदीकडं वळले. मी म्हणलं, एसटी? आबा म्हणाले, "ह्या अंगानं जवळ पडतंय."

बांध आला. पलीकडं मेंढरं. आबांनी बांधावर पाय ठेवला आणि मी म्हणलं, "आबा, थांबा."

सगळे थांबले.

"निळं दार नाही. कडुनिंब नाही. विहीर नाही, गाय नाही. मामाचा गोठा पण नाही. मी खोटं बोललो."

आबा वळले. चिडले नाहीत. विचारलं, "मग काय हाय?"

माझा हात वर होईना. मग झाला. मी बोट दाखवलं. "ते आहे. ती घोडी, ते पाल, ती मेंढरं. आणि तो पागोटंवाला माझा बाप आहे."

आबांनी धोतराचा सोगा सावरला. म्हणाले, "मग चल की, बिरा. हुबा का राह्यलास? ऊन चढाय लागलंय."

बापूनं आम्हाला येताना बघितलं. काठी रोवून उभा राहिला. मला वाटलं होतं ओरडेल, नाहीतर रडेल. तीन वर्षांनी पोरगं दिसलं, तर म्हणाला, "जेवलास का?" जसा मी सकाळी शेळ्या घेऊन गेलो होतो. त्याला नवल कसं वाटलं नाही, कुणास ठाऊक. आईनं माझं जुनं घोंगडं आधीच धुऊन पालावर वाळत घातलं होतं. बापूच्या खांद्यावर हिरव्या काठाचं उपरणं होतं, आबांचं होतं तसलंच. जेजुरीला सगळीकडं तसलीच मिळत असणार.

सगळे घोंगड्यावर बसले. आबांनी नारळ पुढं ठेवला. म्हणाले, "पाव्हणं, आम्ही घर बघाया आलोय."

"बघा की," बापू म्हणाला.

आबांनी इकडं तिकडं बघितलं. "दाराच्या उजवीकडं कडुनिंब हाय म्हणाला हुता पोरगा."

बापूनं लांबच्या बाभळीकडं बोट केलं. "बाभळ चालंल का?"

"बाभळीचं तेवढं नाव काढू नका," हनुमंत दादा म्हणाला, आणि आजींनी तोंडाला पदर लावला.

"बरं, दार निळं हाय म्हणाला हुता."

बापू विचारात पडला. मग त्यानं मान वर केली. आबांनी पण केली. दोघं म्हातारे वर बघत बसले. आभाळ स्वच्छ होतं, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, एक ढग नाही.

"हाय की," आबा म्हणाले. "बरोबर सांगितलंय पोरानं."

मला हसू येत होतं आणि समोरचं दिसत नव्हतं.

आईनं प्रगतीच्या मांडीवर एक कोकरू ठेवलं. "धर ग बाय. ह्याची आय पाजत न्हाय." प्रगतीनं पदराच्या टोकानं त्याला दूध पाजलं आणि निघेपर्यंत खाली ठेवलं नाही. जाताना माझ्याजवळ हळूच म्हणाली, "मी काय मेंढरामागं फिरायची न्हाई, आधीच सांगते. बालवाडी सोडणार न्हाई. पर घर वाईट न्हाई."

तेवढ्यात बांधावर हौसराव मामा आले. सत्यजीत बरोबर. मामा सत्यजीतला म्हणाले, "त्यांना सांग, मेंढरास्नी पाणी आमच्या हिरीवर पाजा. नदीचं गढूळ हाय."

आबा चार हातांवर उभे होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "त्यांना सांग, पाजतो."

मी सांगितलं.

आता लिहिताना ध्यानात आलं. आबांनी मला बिरा म्हणलं. बांधावरच. बापूनं हाक मारायच्या आधी. हे नाव मी ह्या गावात कुणालाच सांगितलेलं नाही. कसं ते मला कळत नाही.

२ फेब्रुवारी

मेंढरं गेली. बापू नेहमीसारखा, मागं न बघता. मी नदीपर्यंत हाकत गेलो, तो आवाज काढत, मोठ्यानं, सगळ्या गावादेखत. आईनं विचारलं, "येतोस का?" तिला उत्तर माहीत होतं. म्हणाली, "मग पावसाच्या आधी परत ह्याच वाटंनं यिऊ. आता आमाला हिकडं बी वळाया एक जागा झाली."

पाय शिवशिवले. थोडे. मग चिंचेपाशी ट्रॅक्सचा हॉर्न वाजला.

२० मार्च, गुरुवार

मशीनवर बसवलं. रिपोर्ट मी लिहितो. सुपरवायझर म्हणतो, "तेरा ळ बहुत अच्छा है, मगर पढ़ा नहीं जाता." अजून बाहेरच निजतो. आबा म्हणतात, लग्नानंतर प्रगती ठरवेल.

आबांनी त्या दोन एकरात चाऱ्याचं कडवळ पेरलंय. खत असं लागलंय की गुडघ्याएवढं, काळंभोर झालंय. हनुमंत दादा आता हरभऱ्याचं नाव काढत नाही.

आज टपरीवर बसलो होतो. एक टेम्पोवाला थांबला, परगावचा. पाइप भरलेले होते. हौसराव मामांचा मळा विचारत होता.

झुंबरबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "सरळ जावा. चिंचंपासनं डावीकडं. पुढं माणच्या मेंढरापासनं उजव्या हाताला वळा, की आलाच मळा."

टेम्पोवाल्यानं डोळ्यांवर हात धरून रस्ता बघितला. नुसतं कडवळ वाऱ्यानं हलत होतं. तो माझ्याकडं वळला.

"कुठं आहेत मेंढरं?"

मी उठलो, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्या रिकाम्या रानाकडं हात केला.

"ही काय," मी म्हणलं, "हितंच की."